स्टुडंट फिल्मचा टीझर: आधी कानांनी कापा

स्टुडंट फिल्मचा टीझर बहुतेक वेळा शेवटच्या आठवड्यात कापला जातो. मिक्सिंग अर्धवट असतं, सबटायटल्स राहिलेली असतात आणि अचानक कुणाला तरी आठवतं, "अरे, टीझर टाकायचा होता ना?" मग फिल्ममधले दहा-बारा देखणे शॉट उचलले जातात, खाली धडाम-धडाम वाजणारं संगीत घातलं जातं, शेवटी नाव येतं आणि काम संपतं. टीमला असा टीझर आवडतोही, कारण प्रत्येक शॉटमागची धावपळ त्यांना आठवत असते. बाहेरच्या माणसाला त्यातून एवढंच कळतं की यांच्याकडे बरा कॅमेरा होता.

इथे २० ते ६० सेकंदांचा टीझर रशेसपासून, म्हणजे शूटिंगच्या न कापलेल्या मूळ फुटेजपासून, अपलोडपर्यंत कसा न्यायचा ते पायरीपायरीने पाहू. सॉफ्टवेअर कुठलंही चालेल. दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत ३८४० बाय २१६० पर्यंत एक्सपोर्ट होतं, म्हणजे टीझरसाठी काहीच अडत नाही. प्रीमियर किंवा फायनल कटवर हात बसला असेल तर तेच वापरा. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे आणि पुढच्या बहुतेक पायऱ्या त्यातूनच निघतात: टीझरचा ध्वनिपट आधी पूर्ण उभा करायचा, चित्रं त्याच्यावर नंतर बसवायची.

बोलायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक फिल्म धरून चालू. लांबी १४ मिनिटं. होस्टेलच्या खोलीत नव्याने राहायला आलेल्या मुलीला माळ्यावर जुना टेप रेकॉर्डर सापडतो. आत एक कॅसेट आहे आणि तिच्यावर एका बाईचा आवाज आहे. ती बाई याच खोलीचं वर्णन करतेय: खिडकी, गज, भिंतीवरची ओल. ऐकता ऐकता ती अशा वस्तूंबद्दल बोलायला लागते ज्या मुलीने खोलीत कालच आणल्यात.

## प्रश्न एकच ठेवा

ट्रेलर गोष्टीची ओळख करून देतो: पात्रं कोण, अडचण काय, काय पणाला लागलंय. त्याला दोन-अडीच मिनिटं मिळतात. टीझरकडे तेवढा वेळ नसतो आणि त्याच्यावर ती जबाबदारीही नसते. बघणाऱ्याच्या डोक्यात एक प्रश्न सोडायचा आणि उत्तर द्यायच्या आत पडदा पाडायचा, एवढंच त्याचं काम.

म्हणून सॉफ्टवेअर उघडण्याआधी तो प्रश्न कागदावर एका वाक्यात लिहा. आपल्या कॅसेटवाल्या फिल्मसाठी तो असा होईल: 'जुन्या टेपवरच्या बाईला आजची खोली कशी दिसते?' त्या मुलीचं आईशी भांडण झालंय, तिला परीक्षेत अपयश आलंय, शेजारच्या खोलीतली मुलगी तिला टाळते, हे सगळं फिल्ममध्ये असेल आणि चांगलंही असेल. टीझरमध्ये ते येणार नाही. यावर दिग्दर्शकाशी वाद होणार हे धरूनच चाला. हा वाद आता, कागदावर झालेला बरा. टाइमलाइनवर, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये क्लिप लावत असताना, झाला तर रात्र जाते.

प्रश्न एका वाक्यात मावत नसेल तर दोषी टीझर नसतो. फिल्म नक्की कशाबद्दल आहे हे टीमचंच ठरलेलं नसतं. अशा वेळी रफ कट, म्हणजे फिल्मची कच्ची जुळणी, पुन्हा एकदा सगळ्यांनी मिळून बघा.

लांबीबद्दल माझं मत असं. पाच-सात मिनिटांच्या फिल्मला २० ते ३० सेकंद पुरतात. १० ते २० मिनिटांच्या फिल्मला ३० ते ४५. अर्ध्या तासाच्या डिप्लोमा फिल्मला फार तर ६०. १० मिनिटांच्या फिल्मचा दोन मिनिटांचा टीझर कापला तर फिल्मचा पाचवा भाग आधीच दाखवून झाला.

फिल्मच्या शेवटच्या चतुर्थांशातलं काही वापरायचं नाही, हा नियम डोळे मिटून पाळा. अपवाद एकच: संदर्भाशिवाय ज्याचा काहीच अर्थ लागत नाही असा शॉट. जमिनीवर उलगडून पडलेली टेप शेवटच्या प्रसंगातली असली तरी चालेल. रिकामी खाट आणि दारात उभं असलेलं माणूस चालणार नाही.

## प्रोजेक्टची घडी आधी नीट घाला

हा भाग कंटाळवाणा आहे, लवकर उरकू. फिल्मच्या टाइमलाइनवर कापाकापी करू नका. टीझरसाठी वेगळा प्रोजेक्ट, निदान वेगळी टाइमलाइन आणि तिचं वेगळं फोल्डर करा. फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, फिल्मचाच ठेवा. फिल्म २४ वर शूट केली असेल तर टीझर २४, २५ वर केली असेल तर २५. पहिली क्लिप टाकण्याआधी हे तपासा, कारण टाइमलाइनवर क्लिप पडल्या की रिझॉल्व्ह तिचा फ्रेमरेट बदलू देत नाही. लॅपटॉप अडखळत असेल तर प्रॉक्सी, म्हणजे क्लिपच्या हलक्या प्रती, करून घ्या. अडखळणाऱ्या प्लेबॅकवर लय कापता येत नाही; आपण कट चुकला समजून दुरुस्त करत बसतो आणि चुकत असतं मशीन.

रॉ मटेरियल कुठून घ्यायचं याकडे मात्र नीट लक्ष द्या. बरेच जण फिल्मचा एक्सपोर्ट घेऊन त्याचेच तुकडे करतात. त्यात संवाद, पार्श्वसंगीत आणि इफेक्ट एकमेकांत मिसळलेले असतात. वेगळं काही काढता येत नाही. मूळ रशेसकडे जा. फिल्ममध्ये न वापरलेले टेक तिथे असतात. 'ॲक्शन' म्हणण्याआधीचे आणि 'कट' म्हटल्यानंतरचे काही सेकंदही असतात. नटाने प्रसंग संपला समजून सोडलेला श्वास, हळूच वर केलेली नजर, असलं काहीतरी बऱ्याचदा तिथेच सापडतं, आणि टीझरला नेमकं तेच लागतं.

साउंड रेकॉर्डिस्टकडून बूमचे (काठीवरच्या माइकचे) आणि लॅपलचे (कपड्याला लावलेल्या माइकचे) वेगवेगळे ट्रॅक मागवून घ्या. त्या खोलीचा रूम टोनही मागा, म्हणजे कुणीही बोलत नसताना रेकॉर्ड केलेली अर्ध्या-एक मिनिटाची शांतता. पुढे हे लागणार आहे.

## निवड: दोन वेगळ्या टाइमलाइन

एका टाइमलाइनवर फक्त चित्रं गोळा करा, दुसरीवर फक्त आवाज. या टप्प्यावर दोन्ही मिसळायचं नाही.

चित्रं निवडताना एकच कसोटी लावा: हा शॉट एका सेकंदात वाचता येतो का? फिल्ममध्ये आठ सेकंद चालणारा सुंदर वाइड शॉट, ज्यात नजर हळूहळू कोपऱ्यातल्या माणसापर्यंत पोहोचते, तो टीझरमध्ये फुकट जातो. हात, डोळे, वस्तू, दार, पाठमोरी आकृती, एका दिशेने जाणारी स्पष्ट हालचाल, हे टिकतं. ४० सेकंदांच्या टीझरसाठी पस्तीस-चाळीस शॉट बाजूला काढा. त्यातले पंचवीस-तीस वापरले जातील, आणि त्यातले निम्म्याहून जास्त शेवटच्या झपाट्यात निघून जातील.

आवाजाची टाइमलाइन जास्त प्रेमाने भरा. तिथे संवाद तर येतीलच, पण वस्तूंचे आवाजही येऊ द्या. आपल्या फिल्ममध्ये प्लेचं बटण दाबल्याचा खटका आहे, टेप फिरतानाची घरघर आहे, रिवाइंडची वर वर चढत जाणारी किरकिर आहे, कॅसेटचं झाकण बंद होण्याचा टक असा आवाज आहे. माळ्यावरून डबा ओढतानाची खरखर आहे. मुलीचा श्वास आहे. इंटरनेटवरून उतरवलेल्या बूम-धडामपेक्षा हे आवाज कितीतरी मोलाचे, कारण ते तुमच्या फिल्मशिवाय दुसऱ्या कुणाकडेच नाहीत. लोकेशनवर नीट मिळाले नसतील तर वस्तू घरी आणा, रात्री पंखा बंद करा, माइक अगदी जवळ धरा आणि पुन्हा रेकॉर्ड करा. फोनच्या माइकवरही काम भागतं.

संवाद निवडताना माहिती देणारी वाक्यं गाळा. 'ही खोली गेली वीस वर्षं बंद होती' असं वाक्य स्क्रिप्टमध्ये असेल, तर ते टीझरमध्ये घालायचा मोह होतोच. पण ते ऐकून बघणाऱ्याच्या मनात काही जागं होत नाही, त्याला फक्त कळतं. अर्धवट राहणारी, कुणाला उद्देशून आहेत हे लगेच न समजणारी वाक्यं शोधा.

## ध्वनिपट: पडदा काळा ठेवून

आता टीझरची टाइमलाइन उघडा, चित्राच्या ट्रॅकवर ४० सेकंदांचा काळा पडदा टाका आणि खाली आवाज रचायला लागा. संवाद आधी, मग वस्तूंचे आवाज, संगीत सगळ्यात शेवटी. मी आपल्या फिल्मचा ध्वनिपट साधारण असा रचेन.

पहिले ४ सेकंद: खोलीची शांतता, मग प्लेचा खटका, मग टेपची घरघर. संगीत नाही. ४ ते ११: बाईचा आवाज, एकसुरी, कुणीतरी सामानाची यादी वाचावी तसा. "खिडकी उत्तरेला आहे. गजांना गंज आलाय." ११ ते १८: "भिंतीवर ओल आहे. ती रोज थोडी पसरते." इथे आवाजाखाली एक खोल, सलग सूर सुरू होतो, इतका हळू की कधी सुरू झाला ते कळू नये. १८ ते २२: बाई गप्प. मुलगी हलकंसं हसते, स्टॉप, रिवाइंड, पुन्हा प्ले. २२ ते २७: "कोपऱ्यात निळी बॅग आहे." आणि 'निळी' या शब्दावर खालचा सूर कापून टाकलेला. "तिची चेन तुटलीय." हे वाक्य संपूर्ण शांततेत. २७ ते ३४: रिवाइंडची किरकिर चढत जाते, तिच्यात श्वास, खरखर, दार, पावलं, सगळं मिसळतं, आणि ३४ ला एकाच खटक्याने सगळं बंद. ३४ ते ३७: फिल्मचं नाव, खाली फक्त रूम टोन. ३७ ते ४०: काळ्या पडद्यावर पुन्हा बाईचा आवाज: "आता ती मागे वळून बघेल."

नावानंतर येणाऱ्या या तुकड्याला स्टिंगर म्हणतात. विनोदी फिल्म असेल तर तिथे एक खुसखुशीत ओळ येते. तो ठेवलाच पाहिजे असं नाही, पण ठेवलात तर टीझरमधला सगळ्यात चांगला आवाज त्याच्यासाठी राखा.

या रचनेत कुठेही पूर्ण रिकामा ट्रॅक नाही, हे लक्षात घ्या. शांतता म्हणजे आवाजाचा अभाव असं समजून बरेच जण ट्रॅक कापून मोकळे होतात. मग ऐकणाऱ्याला वाटतं, फोनचा आवाज गेला. शांततेतसुद्धा त्या खोलीची हवा ऐकू यायला हवी, म्हणून तर रूम टोन मागवला. आणि शांतता जाणवायची असेल तर तिच्या आधी काहीतरी सलग वाजत असलं पाहिजे. ११ व्या सेकंदाला नकळत सुरू केलेला तो खोल सूर खरं तर २२ व्या सेकंदानंतर बंद करण्यासाठीच आणलेला आहे.

ध्वनिपट झाला की डोळे मिटून तीन-चारदा ऐका. चित्राशिवाय तो प्रश्न मनात उभा राहतो का? राहत असेल तर निम्म्याहून जास्त काम झालं. नसेल तर चित्रं लावून काही सुधारणार नाही, इथेच थांबून दुरुस्त करा.

## संगीत आणि त्याचे हक्क

प्रत्येक टीझरला संगीत हवंच असं नाही. हवं असेल तर आधी एक धोका ओळखा. एडिट करताना सोय म्हणून एखाद्या मोठ्या सिनेमाचं संगीत खाली लावलं जातं आणि आठवडाभर तेच ऐकून टीमचा कान त्याला इतका सरावतो की नंतर मित्राने केलेली कुठलीच चाल पसंत पडत नाही. तात्पुरतं संगीत लावायचंच तर जे कायदेशीररीत्या ठेवता येईल असंच लावा.

'तीस सेकंदांपेक्षा कमी वापरलं तर चालतं' ही समजूत सगळीकडे पसरलेली आहे आणि ती खोटी आहे. सेकंदांची अशी कुठलीही सरसकट सूट नाही. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा छोटे तुकडेही ओळखते. तुमचा टीझर मग ब्लॉक होऊ शकतो किंवा त्यावरच्या जाहिरातींचे पैसे दुसऱ्याकडे जाऊ शकतात.

क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे ठरावीक अटींवर आपलं काम इतरांना वापरू देण्याच्या, परवान्यांमध्ये खूप गोंधळ होतो, म्हणून थोडं थांबून सांगतो. सीसी झिरो असेल तर बिनधास्त वापरा. बीवाय असेल तर श्रेय द्या. एनसी असेल तर व्यावसायिक वापर चालत नाही. फिल्म पुढेमागे विकायची शक्यता असेल तर दूर राहा. एसए असेल तर तुमचा टीझरही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. सगळ्यात फसवा आहे एनडी, म्हणजे बदल करायला मनाई असलेला परवाना. मुलं म्हणतात, 'आम्ही गाणं बदललेलंच नाही, जसंच्या तसं लावलंय.' पण क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अटींनुसार संगीत हलत्या चित्राशी वेळ साधून जोडलं की ती मूळ कलाकृतीवर आधारित नवी कृती होते, आणि एनडी परवान्यात अशी कृती प्रसिद्ध करायला मनाई आहे. म्हणजे एनडी संगीत व्हिडिओखाली लावताच येत नाही. संगीत कुठून घेतलं, कुठल्या परवान्याखाली आणि कधी, याचा स्क्रीनशॉट काढून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवा.

ओळखीतला कुणी संगीत करणार असेल तर त्याच्याकडून वाद्यांचे वेगवेगळे ट्रॅक मागा. सूर वेगळा, ताल वेगळा, सगळ्यात जड आघात वेगळे. मग वर सांगितलं तसं 'निळी' शब्दावर खालचा सूर काढून घेणं तुमच्या हातात राहतं.

तीन मिनिटांचं तयार संगीत ४० सेकंदांत बसवताना शेवटाकडून सुरुवात करा. त्याचा शेवट फिल्मच्या नावावर टेकवा आणि तिथून उलटं मागे या. मग सुरुवातीचा भाग लावा आणि मधला सांधा एखाद्या वाक्याखाली किंवा खटक्याखाली लपवा. फेड आउट करून संपवलेलं संगीत लगेच ओळखू येतं. गाणं पुढे चालू होतं आणि यांनी आवाज बारीक केला, असं वाटतं.

## आता चित्रं

काळ्या पडद्याच्या जागी चित्रं बसवायला लागलात की पहिला नियम: आवाज जे सांगतोय ते त्याच क्षणी दाखवू नका. बाई 'खिडकी' म्हणताना खिडकी, 'गज' म्हणताना गज, असं दोनदा चालेल. किंबहुना आपल्या फिल्ममध्ये पहिल्या दोन वाक्यांना मी मुद्दाम तसंच करेन. ती बोलते तसं दिसतं याची सवय एकदा लागली की पुढच्या वाक्याला तीच सवय उपयोगी पडते.

निळ्या बॅगेचा कट जवळून बघू. आवाज म्हणतो, "कोपऱ्यात निळी बॅग आहे." सरळसोट मार्ग म्हणजे वाक्याबरोबर बॅग. मी तिथे मुलीचा चेहरा ठेवेन, रिवाइंड करून झाल्यानंतरचा. 'कोपऱ्यात' वर ती अजून हसतेय. 'निळी' वर सूर बंद. 'बॅग' वर तिची नजर हलते, फक्त नजर, मान नाही. वाक्य संपल्यावर आणखी साधारण १२ फ्रेम, म्हणजे २४ च्या फ्रेमरेटला अर्धा सेकंद, चेहऱ्यावरच थांबायचं. मग बॅग. आणि बॅग दिसत असताना, "तिची चेन तुटलीय." तुटलेली चेन क्लोजअपमध्ये दाखवायची गरज नाही. बघणारा ती स्वतः शोधतो, आणि शोधायला त्याला सव्वा सेकंद तरी द्या.

त्या १२ फ्रेम आधी ८ करून बघा, मग १६. फरक तुम्हालाच कळेल: आठला ती नुसती दचकते, सोळाला दचकायच्या आधी तिला काहीतरी समजतं. फिल्म कुठल्या जातीची आहे त्यावरून ठरवा.

चेहऱ्याचा तो शॉट फिल्ममध्ये त्याच प्रसंगातला असायला हवा असं मुळीच नाही. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्हने सुमारे शंभर वर्षांपूर्वी नटाचा एकच निर्विकार चेहरा आधी सूपच्या वाटीशी जोडला, मग शवपेटीशी. लोकांना त्यात एकदा भूक दिसली, एकदा दुःख. टीझर सगळा याच जोरावर चालतो. तिसऱ्या प्रसंगातली नजर आणि नवव्या प्रसंगातलं दार बिनदिक्कत जोडा. एवढंच बघा की नजरेची दिशा जुळतेय, उजेड ठार वेगळा नाही आणि कपडे बदललेले डोळ्यांत भरत नाहीत.

२७ ते ३४ च्या झपाट्यात शॉट ६ ते १० फ्रेमचे होतील. इतक्या वेगात बघणाऱ्याला पडद्यावर इकडेतिकडे शोधायला वेळ नसतो. एका शॉटमध्ये महत्त्वाची गोष्ट जिथे असेल, साधारण तिथेच पुढच्या शॉटमधलीही असू द्या. सगळे शॉट सारख्या लांबीचे ठेवू नका. १०, १०, ८, ८, ६, मग अचानक एक २० फ्रेमचा, मग पुन्हा ६. तो लांब शॉट मध्ये आला नाही तर लोकांच्या लक्षात एकही राहत नाही.

तालावर कट करायचा असेल तर प्रत्येक ठोक्यावर करू नका, दोन-तीन कटांतच तो खेळ अंगावर येतो. संगीत चालू ठेवून ठोक्यांवर मार्कर लावत जा आणि त्यातले मोजकेच निवडा. निवडलेल्या ठोक्यावरही कट एक-दोन फ्रेम आधी सरकवून बघा. चित्र डोळ्यांना समजायला किंचित वेळ लागतो, त्यामुळे थोडा आधी झालेला कट बऱ्याचदा बरोबर तालावर वाटतो.

आणखी एक. दर दोन शॉटमध्ये काळोख, मग बूम, मग पुन्हा काळोख, ही पद्धत आता इतकी गुळगुळीत झालीय की पुढे काय येणार ते बघणाऱ्याला आधीच कळतं. काळा पडदा एकदा, फार तर दोनदा वापरा. शेवटच्या तीन सेकंदांत आपण तो आधीच वापरलाय.

## देवनागरी टायटल

मराठीत नाव लिहिताना सॉफ्टवेअर हमखास त्रास देतं. प्रीमियरमध्ये जोडाक्षरं फुटत असतील, वेलांटी भलत्या बाजूला जात असेल, तर प्रेफरन्सेसमधल्या ग्राफिक्स विभागात जाऊन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' हा पर्याय निवडा. आफ्टर इफेक्ट्समध्ये 'युनिव्हर्सल' टेक्स्ट इंजिन निवडावं लागतं.

अक्षरांमधलं अंतर वाढवून नाव हळूहळू फाकत न्यायचं, हा इंग्रजी टायटलचा लाडका प्रकार देवनागरीत करू नका. शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे लटकल्यासारखे दिसतात. हालचाल हवीच असेल तर अख्खं नाव किंचित मोठं होऊ द्या. दोन ओळींचं नाव असेल तर खालच्या ओळीची वेलांटी आणि वरच्या ओळीचा उकार भिडत नाहीत ना ते मोठं करून तपासा. मुक्त, बलू, नोटो सान्स देवनागरी हे फाँट खुल्या परवान्याचे आहेत, कुठेही वापरता येतात.

टायटल किती वेळ ठेवायचं? सावकाश, मनातल्या मनात दोनदा वाचून होईल तेवढा. तुम्हाला नाव पाठ असतं म्हणून ते नेहमी लांबलेलं वाटतं. दिग्दर्शक, नट, संस्था, महोत्सव, सगळी नावं टीझरमध्ये घालायचा आग्रह होतो. फिल्मचं नाव आणि फार तर एक ओळ, बाकी सगळं व्हिडिओच्या वर्णनात.

## रंग आणि मिक्स

फिल्मचं ग्रेडिंग, म्हणजे रंगांची जुळणी, झालं नसेल तर टीझरपुरतं साधं करा. लॉगमध्ये, म्हणजे मुद्दाम फिक्या-सपाट रंगांत, शूट केलं असेल तर आधी ते रेक ७०९ मध्ये, म्हणजे पडद्यांच्या नेहमीच्या रंगांत, आणा, मग सगळ्या शॉटची उजेडाची पातळी जुळवा. वेगवेगळ्या प्रसंगांतले शॉट शेजारी आले की विजोडपणा लगेच दिसतो. पडद्याचा उजेड कमी केलेल्या फोनवर बघून घ्या. अंधाऱ्या फिल्मचे टीझर तिथे नुसते काळे दिसतात.

मिक्समध्ये संवाद आधी पक्का करा आणि बाकी सगळं त्याच्या खाली ठेवा. यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएसपेक्षा (एलयूएफएस म्हणजे कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) मोठा आवाज स्वतःहून खाली ओढतं, त्यामुळे सगळं ठासून मोठं करून काही मिळत नाही, उलट शांत-मोठा हा फरकच मरतो. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात वरचं टोक, उणे १ डीबीच्या खाली ठेवा.

आपला तो खोल सूर फोनच्या स्पीकरवर जवळजवळ ऐकूच येणार नाही, कारण एवढ्याशा स्पीकरला खालच्या पट्टीतले आवाज झेपत नाहीत. मग 'निळी' शब्दावर तो बंद झाला काय आणि नाही काय. त्याच्यासोबत मधल्या पट्टीतलं काहीतरी, टेपची घरघर किंवा दिव्याची गुणगुण, बारीक आवाजात मिसळा आणि दोन्ही एकदमच बंद करा. हेडफोन, लॅपटॉप, फोन, तिन्हीवर ऐकल्याशिवाय मिक्स संपला म्हणू नका.

## दाखवा, पण समजावू नका

स्क्रिप्ट न वाचलेली चार-पाच माणसं गाठा. टीमच्या ग्रुपवर टाकून 'भारी' मिळवण्यात अर्थ नाही. टीझर एकदाच दाखवा, आधी काही सांगू नका आणि दोनच गोष्टी विचारा: फिल्म कशाबद्दल असेल, आणि तुला काय जाणून घ्यायचंय? 'आवडला का' हे विचारू नका, तोंडावर नाही कोण म्हणेल?

चौघांपैकी तिघांनी तुमच्या कागदावरचा प्रश्न स्वतःच्या शब्दांत विचारला तर उत्तम. त्यांनी थेट उत्तर सांगितलं तर काहीतरी जास्त दाखवलं गेलंय. 'ही मुलगी कोण, ती होस्टेलला का आली' असं विचारलं तर लक्ष भलतीकडे गेलंय. बहुधा मधला एखादा भावूक शॉट काढावा लागेल. दाखवताना पडद्याकडे बघू नका, त्यांच्याकडे बघा. नजर कुठे हलली, फोनकडे कधी गेली, ते नीट लक्षात ठेवा.

एकदा आवाज बंद करूनही दाखवा. फीडमध्ये बरेच लोक तसंच बघतात. आपल्या फिल्ममध्ये सगळं आवाजावर असल्याने बाईची वाक्यं सबटायटलमध्ये दिसलीच पाहिजेत. सबटायटल वाक्याबरोबर येऊ द्या, आधी नको. 'निळी बॅग' डोळ्यांनी आधी वाचली गेली तर त्या १२ फ्रेमवर पाणी पडलं.

## एक्सपोर्ट आणि आवृत्त्या

आधी एक मास्टर, म्हणजे उत्तम दर्जाची मूळ फाइल, काढा, प्रोरेस ४२२ एचक्यू किंवा डीएनएक्सएचआर एचक्यूएक्समध्ये, आणि बाकी सगळं त्याच्यापासून करा. यूट्यूबसाठी एच २६४, १९२० बाय १०८०, टाइमलाइनचाच फ्रेमरेट. यूट्यूबची शिफारस १०८० साठी ८ एमबीपीएसची आहे. आपण त्याच्या दुप्पट दिलं तरी बिघडत नाही, फाइल लहानच राहते. ऑडिओ ४८ किलोहर्ट्झ, एएसी.

उभी आवृत्ती, म्हणजे १०८० बाय १९२०, काढायची असेल तर आडवी मधोमध कापून चालत नाही. प्रत्येक शॉट वेगळा सरकवावा लागतो, आणि चेहरा एका टोकाला, बॅग दुसऱ्या टोकाला असा शॉट तिथे मरतो. अशा जागी दोन शॉट करा किंवा दुसरा टेक शोधा. नाव नव्याने मांडा, दोन ओळींत. खालच्या बाजूला ॲपची बटणं आणि मजकूर येतो, तिथे सबटायटल ठेवू नका.

महोत्सवात मोठ्या पडद्यावर दाखवायचा असेल तर डीसीपी, म्हणजे थिएटरच्या प्रोजेक्टरसाठीचं फाइलचं पॅकेज, मागतील. डीसीपी-ओ-मॅटिक हे मोफत सॉफ्टवेअर ते करून देतं. फ्लॅट (कमी रुंद फ्रेम) १९९८ बाय १०८०, स्कोप (जास्त रुंद फ्रेम) २०४८ बाय ८५८, आणि फ्रेमरेट २४ सगळ्यात निर्धोक. तयार झालेला डीसीपी खऱ्या प्रोजेक्टरवर बघायला मिळाला तर ती संधी सोडू नका.

अपलोड करण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या. ज्या महोत्सवांना फिल्म पाठवायचीय त्यांच्या प्रीमियरच्या, म्हणजे पहिल्या प्रदर्शनाच्या, अटी वाचा; पूर्ण फिल्म ऑनलाइन टाकलेली काही ठिकाणी चालत नाही, आणि टीझरबद्दल शंका असेल तर एक ईमेल पुरतो. आणि नटांना टीझर आधी दाखवा, विशेषतः ज्यांचा शॉट संदर्भातून काढून भलत्याच अर्थाने जोडलाय त्यांना. कुलेशोव्हचा खेळ पडद्यावर मजेदार असतो, स्वतःच्या चेहऱ्यावर झालेला तेवढा मजेदार वाटत नाही.

शेवटी, मास्टरसोबत तीन फाइल वेगळ्या काढून ठेवा: नाव आणि सबटायटल नसलेलं चित्र, संवादांशिवायचा ऑडिओ आणि फक्त संवादांचा ऑडिओ. उद्या कुणी इंग्रजी सबटायटलची आवृत्ती मागेल, महोत्सवाला स्वतःची पट्टी लावायची असेल, किंवा फिल्मचं नावच बदलेल. स्टुडंट फिल्मचं नाव टीझर आल्यानंतर बदलणं ही तशी रोजचीच गोष्ट आहे.